तयारीचें माप

एप्रिलपासून जूनपर्यंतच्या महिन्यांत आपल्या गांवोगांवीं एक नवा सण साजरा होऊं लागला आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, निकाल लागावयाचे असतात किंवा नुकतेच लागलेले असतात, आणि ‘दहावीनंतर काय?’, ‘बारावीनंतर काय?’ असे फलक शाळांच्या फाटकांवर, मंगल कार्यालयांच्या दारांवर आणि बाजारपेठेंतील खांबांवर दिसूं लागतात. शहरांतून वक्ते येतात, हारतुरे होतात, पडद्यावर चित्रें दाखविलीं जातात, अभ्यासक्रमांचीं नांवें भराभर सांगितलीं जातात, आणि संध्याकाळीं मुलें घरोघर परततात. या उपक्रमास कोणी शिबिर म्हणतात, कोणी कार्यशाळा म्हणतात. कांहीं एका दुपारींच उरकतात. कांहीं अधिक विचारानें आंखलेल्या असून दोनतीन दिवस चालतात, व त्यांत कॉलेजांतील अभ्यासाची रीत, टिपणें काढणें, अर्ज भरणें, शिष्यवृत्त्या, वसतिगृहें, खर्चाचा हिशेब अशा उपयुक्त विषयांची ओळख करून दिली जाते. त्यांचा हेतु चांगला असतो याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. अशी कार्यशाळा संपली म्हणजे ती सफल झाली कीं विफल झाली, हें कशावरून ठरवावें?

वरवर पाहतां हा प्रश्न हिशेबनिसाचा वाटेल. किती मुलें आलीं, किती खर्च झाला, किती जणांनीं पुढें प्रवेश घेतला, एवढें मांडलें कीं झालें! परंतु थोडा विचार केला तर त्याच्या पोटांत नीतीचा एक अवघड प्रश्न दडलेला आढळतो. ज्या मापानें कार्यशाळा मोजली जाते, त्याच मापाकडे पाहून पुढच्या वर्षीं मुलें निवडलीं जातात; त्याच मापाच्या धाकानें त्यांना सल्ला दिला जातो; आणि अपयश आलें तर तें कोणाच्या माथीं मारावयाचें, हेंही नकळत तेंच माप ठरवून टाकतें. म्हणून मापाचा विचार आधीं व्हावा हें इष्ट.

विवेचन हवेंत राहूं नये यासाठीं एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांतील नातेपुते हें पुण्याहून पंढरपुराकडे जाणाऱ्या वाटेवरील बाजारपेठेचें गांव. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यांत शिरते, आणि जिल्ह्यांतील तिचा पहिला मुक्काम येथेंच पडतो. एका अंगास शिखर शिंगणापूरचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचा कोरडा मुलूख. दुसऱ्या अंगास नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला उंसाचा पट्टा. त्यामुळें शाळेच्या एकाच बांकावर बागाइतदाराचा मुलगा आणि मेंढरांमागें हिंडणाऱ्या घरची मुलगी शेजारीं बसण्याचा संभव आहे. अकलूज, फलटण, बारामती हीं शिक्षणाचीं ठिकाणें एस. टी. च्या आवांक्यांत आहेत. पण जेथें २००४ सालीं जिल्ह्यासाठीं स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झालें, तें सोलापूर शहर येथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा गांवीं दहावी-बारावीच्या साठ मुलामुलींसाठीं दोन दिवसांची कार्यशाळा भरली, अशी कल्पना करूं. ही कार्यशाळा आमच्या कल्पनेंतील आहे; परंतु वाचकांपैकीं पुष्कळांनीं तिच्यासारखी एखादी तरी प्रत्यक्ष पाहिली असेल.

अशा कार्यशाळेच्या अखेरीस मुलांच्या हातीं एक छापील कागद दिला जातो. ‘कार्यक्रम आवडला का? वक्त्यांचें बोलणें समजलें का? आपणांस उपयोग झाला असें वाटतें का?’ मुलें भराभर खुणा करतात. साठांपैकीं अठ्ठावन्न जण ‘फार आवडला’ असें लिहितात, आणि तो आंकडा अहवालांत ठळक अक्षरांनीं छापला जातो. हें पहिलें माप. तें अगदींच टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बसावयास जागा नव्हती, ऐकूं येत नव्हतें, वक्ता दोन तास स्वतःविषयींच बोलला, अशा गोष्टी त्या कागदावरून कळूं शकतात. परंतु आपल्याकडे पाहुण्यास त्याच्या तोंडावर ‘आपलें बोलणें निरुपयोगी होतें’ असें सांगण्याची चाल नाहीं, आणि ती नसावी हेंच बरें. चार तासांचा प्रवास करून कोणी आपल्यासाठीं आला, त्यानें आपल्याला ‘तुम्ही’ म्हटलें, चहा-नाश्ता दिला, याबद्दल मुलांच्या मनांत कृतज्ञता असते. त्या कागदावर ती कृतज्ञता उमटते. तिला उपयुक्ततेचा पुरावा समजणें म्हणजे मुलांच्या सौजन्यावर आपलें भांडवल उभारणें होय. शिवाय उपयोग झाला कीं नाहीं, हें मुलांस त्या संध्याकाळीं ठाऊक असणेंच शक्य नसतें. पोहणें शिकविणाऱ्याविषयींचें मत विहिरींत उतरल्यावर द्यावयाचें असतें. येथें तें कांठावरच मागितलें जातें.

दुसरें माप याहून शहाणपणाचें दिसतें. आरंभीं दहा प्रश्न विचारावे, शेवटीं तेच दहा विचारावे, आणि ज्ञान किती वाढलें तें पाहावें. पदविका म्हणजे काय, पदवी म्हणजे काय, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठें करावयाचा, अकरावीच्या प्रवेशाचे टप्पे कोणते, या प्रश्नांचीं उत्तरें सकाळीं तीन मुलांस येत होतीं व सायंकाळीं पन्नासांस आलीं, तर कांहींतरी निश्चित घडलें असें म्हणतां येईल. पण काय घडलें? मुलांस माहिती मिळाली. माहिती मिळणें आणि मार्ग मोकळा होणें या दोन गोष्टी एक आहेत असें आपण फार लवकर गृहीत धरतों.

या बाबतींत परदेशांत काळजीपूर्वक केलेला एक प्रयोग ध्यानांत घेण्याजोगा आहे. अमेरिकेंत कॉलेजच्या विद्यार्थ्यांस सरकारी अर्थसाहाय्य हवें असेल तर एक लांबलचक व किचकट अर्ज भरावा लागे. २००८ सालीं एरिक बेटिंजर, ब्रिजेट लाँग इत्यादि अर्थशास्त्रज्ञांनीं, प्राप्तिकराचे कागद भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कचेऱ्यांत येणाऱ्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें गट पाडले. एका गटास तो अर्ज तेथेंच बसून भरून दिला. दुसऱ्या गटास साहाय्य किती मिळेल याची माहिती दिली व अर्ज करण्यास उत्तेजन दिलें, पण अर्ज भरून दिला नाहीं. पुढील तीन वर्षांत काय झालें तें त्यांनीं तपासलें. ज्यांचा अर्ज भरून दिला होता त्यांच्या शाळा संपवीत आलेल्या मुलांपैकीं कॉलेजचीं दोन वर्षें पुरीं करणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा २८ वरून ३६ वर गेलें. ज्यांना नुसती माहिती मिळाली होती त्यांच्या स्थितींत सुधारणा आढळली नाहीं. हा निष्कर्ष २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. सांगणारा आणि सोबत बसणारा यांच्यांत केवढें अंतर असतें, तें या दोन आंकड्यांवरून कळतें.

अमेरिकेची गोष्ट नातेपुत्यास लागू पडेलच असें नाहीं. पण ती कोणत्या जागीं बोट ठेवते तें पाहावें. आपल्याकडील मुलास पुढें जावयाचें तर उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचा दाखला लागतो, कित्येकांस नॉन-क्रिमीलेअरचें प्रमाणपत्र लागतें, व्यावसायिक अभ्यासक्रमासाठीं जातपडताळणी लागते, रहिवासाचा दाखला लागतो, आणि शिष्यवृत्तीसाठीं आधारशीं जोडलेलें बँकेचें खातें लागतें. कांहीं काम गांवच्या सेवाकेंद्रांत होतें, कांहीं माळशिरसच्या तहसील कचेरींत, कांहीं थेट सोलापुरास. शाळेच्या दाखल्यावर आडनांवाचें एक अक्षर वेगळें पडलें असेल, तर रोजंदारीवर जाणाऱ्या बापाचे तीन दिवस बुडतात, आणि तीन दिवसांची मजुरी म्हणजे काय हें ज्याचें त्यास ठाऊक. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रांत एकाच ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले. त्यामुळें कांहीं गोष्टी सोप्या झाल्या असतील, पण ज्या घरांत एकच फोन आहे व तोही बापाबरोबर शेतावर जातो, त्या घरास मुदतीची तारीख कळणें हीसुद्धां एक मोठी गोष्ट झाली. कार्यशाळेंतील वक्त्यानें या सर्व कागदांची यादी सुंदर अक्षरांत पडद्यावर दाखविली, आणि मुलांनीं ती उतरून घेतली, तर प्रश्नपत्रिकेंत त्यांना दहांपैकीं दहा गुण मिळतील. दाखला मात्र त्या गुणांवर मिळत नाहीं.

आतां तिसरें माप. कोणी म्हणेल, ‘हें सारें सोडा. कॉलेजांत किती गेले तेवढें मोजा. फळावरून झाड ओळखावें.’ हें माप सर्वांत रोखठोक दिसतें, आणि देणगीदारांस तेंच सर्वांत अधिक आवडतें. पण यांत दोन अडचणी आहेत, आणि त्यांपैकीं दुसरी आम्हांस भयंकर वाटते.

पहिली अडचण तर्काची आहे. साठांपैकीं पंचेचाळीस मुलें कॉलेजांत गेलीं. त्यांतील किती कार्यशाळेमुळें गेलीं? कार्यशाळेस आपण होऊन नांव नोंदविणारा मुलगा बहुधा आधींच पुढें जाण्याचा निश्चय केलेला असतो. शिक्षकांस ‘चांगलीं साठ मुलें पाठवा’ म्हटलें म्हणजे ते वर्गांतील पहिलींच मुलें पाठवितात. त्यांत त्यांचाही कांहीं दोष नाहीं. मग जीं मुलें कशीही गेलींच असतीं तीं गेलीं, आणि त्यांच्या जाण्याचें श्रेय आपण घेतलें! अमेरिकेंत १९६५ मध्यें सुरू झालेल्या ‘अपवर्ड बाउंड’ या योजनेची कथा या दृष्टीनें बोधप्रद आहे. गरीब घरांतील, व ज्यांच्या आईबापांनीं पदवी घेतलेली नाहीं अशा मुलांस कॉलेजसाठीं तयार करण्याची ती मोठी सरकारी योजना. १९९२ नंतर तिची पाहणी झाली तेव्हां अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें मुलें निवडलीं, आणि निवड झालेल्यांची व न झालेल्यांची तुलना पुढें कित्येक वर्षें केली. एकंदर सरासरी पाहतां कॉलेजांत जाणाऱ्यांच्या संख्येंत ठळक फरक आढळला नाहीं. परंतु ज्या मुलांस आरंभीं आपण पदवीपर्यंत पोंचूं अशी आशाच नव्हती, त्यांच्यांत चार वर्षांच्या कॉलेजांत जाणाऱ्यांचें प्रमाण स्पष्टपणें वाढलें होतें. या निष्कर्षांवर पुढें विद्वानांत वादही झाला; तरी त्यांतील इशारा घेण्याजोगा आहे. मदतीचा लाभ बहुधा त्यालाच अधिक होतो, ज्याला आपण बोलावीत नाहीं.

चिठ्ठ्या टाकण्याच्या कल्पनेनें कांहीं वाचकांचें मन दुखावेल. मुलांच्या भवितव्याचा हा काय जुगार! पण विचार करा. जागा साठ आहेत आणि इच्छुक दीडशें आहेत, तर नव्वद जणांस ‘नाहीं’ म्हणणें भागच आहे. तें ‘नाहीं’ ओळखीपाळखीवरून म्हणावें, गुणांवरून म्हणावें, कीं सर्वांच्या देखत चिठ्ठी काढून म्हणावें? गुणांवरून म्हटलें तर ज्याला आधींच मिळालें आहे त्यालाच पुन्हां मिळतें. चिठ्ठींत निदान अपमान नाहीं. मात्र त्याबरोबर एक ऋण अंगावर येतें. ज्या नव्वदांशीं तुलना करून आपण आपलें यश सिद्ध करूं पाहतों, त्यांना पुढच्या वर्षीं बोलावणें, निदान त्यांचे कागद भरून देणें, हें आपलें कर्तव्य होतें. एखाद्याच्या वंचनेचा आपल्या ज्ञानासाठीं उपयोग करावा आणि मग त्याला विसरून जावें, हें शास्त्राच्या नांवाखालींसुद्धां योग्य ठरणार नाहीं.

दुसरी अडचण नीतीची आहे. प्रवेशांच्या संख्येवर ज्याची प्रतिष्ठा अवलंबून आहे, तो मुलास खरा सल्ला देऊं शकेल काय? एखाद्या मुलीस सांगावयास हवें असतें, ‘बाई, शास्त्रशाखेस जाण्यापूर्वीं विचार कर, तुला चित्रकला येते, ती शिकण्याचाही मार्ग आहे.’ एखाद्या मुलास सांगावयास हवें असतें, ‘त्या दूरच्या महागड्या संस्थेंत कर्ज काढून जाऊं नकोस, यंदा आय. टी. आय. त जा, हातांत कसब घे, पदवी पुढें घेतां येईल.’ एखाद्याच्या घरीं बाप अंथरुणास खिळलेला असतो, आणि त्या वर्षीं थांबणें हाच त्या मुलाचा मोठेपणा असतो. आंकड्याचा बांधलेला सल्लागार हे शब्द उच्चारणार नाहीं. कारण यांपैकीं प्रत्येक मूल त्याच्या अहवालांत ‘अपयश’ म्हणून नोंदलें जाईल. जें माप निर्णयाचें साधन होतें तें हळूहळू बिघडतें, आणि ज्या कामाची देखरेख करावयाची त्या कामासही बिघडवितें, असें अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनीं १९७० नंतरच्या दशकांत मांडलें. आमच्या मतें कार्यशाळेच्या बाबतींत बिघडणारी वस्तु केवळ अहवालाची नसते. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द तेथें बिघडतो. मूल ज्याच्याकडे विश्वासानें पाहतें, तो माणूस मनांतल्या मनांत त्याची गणना करीत असतो.

येथपर्यंत आम्ही मापांचे दोष दाखविले. परंतु त्यांच्या मुळाशीं एक समजूत आहे आणि खरा झगडा तिच्याशीं आहे. ती अशी: ‘तयारी’ ही मुलाच्या अंगीं असणारी किंवा नसणारी वस्तु आहे, कार्यशाळेनें ती त्याच्यांत घालावयाची, आणि मूल्यमापनानें ती भरली कीं नाहीं हें पाहावयाचें. २०१६ पासून राज्याच्या परीक्षामंडळानें दहावीच्या मुलांसाठीं कांहीं वर्षें कल-चांचणी घेतली. मुलाचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे हें त्याला सांगणें ही चांगलीच गोष्ट. पण त्या ओढ्याचें शिक्षण त्याच्या घरापासून किती कोसांवर मिळतें, वसतिगृहांत जागा आहे काय, आणि शेवटची एस. टी. किती वाजतां सुटते, हें त्या चांचणींत येऊं शकत नव्हतें. तराजूस दोन पारडीं असतात. आपण एकाच पारड्याकडे पाहत राहतों, आणि तें वर गेलेलें दिसलें म्हणजे ‘मूल हलकें आहे’ असा निकाल देतों.

नातेपुत्याच्या लोकांस दुसरें पारडें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. दर आषाढीस त्यांच्या दारीं लक्षावधि माणसें एका रात्रीपुरतीं उतरतात. वारकऱ्याला आपली तयारी करावी लागते हें खरें. पायांस संवय हवी, दिंडीची शिस्त हवी, ओझें बेताचें हवें. पण एवढ्यावरच वारी झाली असती तर म्हातारीं माणसें वेळापूरपर्यंतही पोंचलीं नसतीं. वाटेवरच्या गांवांनीं पाणी भरून ठेवलेलें असतें, भाकरी भाजलेल्या असतात, शाळा व ओसऱ्या मोकळ्या केलेल्या असतात. चालणाऱ्याची अर्धी तयारी वाटेनें केलेली असते. मुक्कामास आलेल्या थकल्या माणसाला ‘तुझी चालण्याची पात्रता सिद्ध कर, मग पाणी देतों’ असें या वाटेवर कोणी विचारीत नाहीं. आणि तो मध्येंच बसला तर ‘याची तयारी कच्ची’ असें म्हणून पुढें जाण्यापूर्वीं त्याला सांवलीला नेतात.

आपल्या शिक्षणाच्या इतिहासांतही हे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्यें झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींतले. त्या दरवाजानें थोर माणसें आंत घेतलीं यांत शंका नाहीं. पण दरवाजाचें काम पारख करण्याचें होतें, वाट बांधण्याचें नव्हतें. पुढें १९०१ पासून कोल्हापुरास शाहू महाराजांनीं निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं करण्यास प्रारंभ केला. भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्यें साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारें वसतिगृह काढलें, आणि १९४७ मध्यें ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर शिवाजी कॉलेज उघडलें. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९४६ मध्यें मुंबईस सिद्धार्थ कॉलेज सुरू केलें, तेव्हां नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं सकाळीं वर्ग भरविले. या माणसांनीं मुलाकडून परिश्रमाची अपेक्षा केली नाहीं असें नाहीं. उलट ती कडक केली. पण मुलगा कॉलेजास योग्य आहे काय, हें विचारतांना त्यांनीं कॉलेज त्या मुलास योग्य आहे काय, हेंही विचारलें. भुकेलेला मुलगा अभ्यासांत मागें पडतो याचा दोष त्यांनीं मुलाच्या बुद्धीवर टाकला नाहीं. त्यांनीं चूल पेटविली. दिवसा नोकरी करणारा वर्गास येत नाहीं, तर त्यांनीं घड्याळाचे कांटे हलविले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘मग मुलाचें कांहींच कर्तव्य नाहीं कीं काय? सारा दोष व्यवस्थेचा म्हटला म्हणजे आळशास आयतें निमित्त मिळेल.’ आम्हांस हा धोका मान्य आहे. कॉलेजांत गेल्यावर न समजलेलें विचारण्याचें धैर्य, एकट्यानें दोन तास बसण्याची संवय, वेळेचा व पैशाचा हिशेब, या गोष्टी मुलानें स्वतःच मिळवावयाच्या असतात. त्या कोणी कोणास देऊं शकत नाहीं, आणि चांगली कार्यशाळा त्यांचा वळसा घालीत नाहीं. परंतु कर्तव्य सांगणाऱ्यानें कर्तव्याची सीमाही सांगितली पाहिजे. मराठींतून दहावीपर्यंत आलेल्या मुलीच्या हातीं अकरावीच्या शास्त्रशाखेंत एकाएकीं इंग्रजी पुस्तकें येतात. पहिल्या सहामाहींत ती गप्प होते. रोज रात्रीं शब्दकोश घेऊन चार पानें वाचणें हें तिचें कर्तव्य. वर्गांत एखादी कल्पना मराठींत समजावून देणें हें अध्यापकाचें कर्तव्य. तिच्या गप्प बसण्यास कार्यशाळेच्या वहींत ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असें नांव मिळालें, तर तिचें कर्तव्य तेवढें मोजलें गेलें आणि दुसऱ्याचें माफ झालें. मापाचा अन्याय असा गुपचूप घडतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. ‘मोजूं नका म्हटलें तर सारेंच बोंबलेल; ज्याला त्याला आपलें काम थोर वाटेल.’ आम्ही मोजूं नका असें मुळींच म्हणत नाहीं. उलट आज मोजतात त्याहून अधिक मोजावें, पण निराळ्या वेळीं, निराळ्या माणसांस विचारून, आणि स्वतःसकट मोजावें. नातेपुत्याच्या त्या कल्पित कार्यशाळेच्या चालकांनीं काय करावें? त्यांनीं समारोपाच्या दिवशींचा कागद अवश्य घ्यावा, पण तो सोयीगैरसोयींपुरता समजावा. खरा हिशेब दिवाळीच्या सुट्टींत करावा, कारण तोंवर पहिली सहामाही झालेली असते व परगांवीं गेलेलीं मुलें घरीं आलेलीं असतात. तेव्हां साठही नांवांची यादी घेऊन बसावें. जीं कॉलेजांत गेलीं त्यांना विचारावें: कार्यशाळेंत सांगितलेलें कोणतें खरें निघालें, कोणतें खोटें निघालें, आणि कोणतें कोणीच सांगितलें नव्हतें? जीं गेलीं नाहींत त्यांना विचारावें: कोणत्या जागीं अडलें? दाखल्यापाशीं, पैशापाशीं, एस. टी. पाशीं, घरच्यांच्या शब्दापाशीं, कीं स्वतःच्या विचारपूर्वक निर्णयापाशीं? शेवटचें उत्तर असेल तर तें अपयशाच्या रकान्यांत घालूं नये. आणि ज्या कॉलेजांत मुलें गेलीं त्या कॉलेजासही विचारावें: या मुलांसाठीं आपण यंदा काय बदललें?

सर्वांत कठीण प्रश्न चालकांनीं स्वतःस विचारावयाचा आहे. त्या दोन दिवसांत व्यासपीठावरून कांहीं वचनें दिलीं गेलीं. ‘अडचण आली तर फोन करा’ असें प्रत्येक वक्ता म्हणतो, आणि टाळ्या पडतात. किती फोन आले? किती उचलले गेले? ज्याचा दाखला अडला त्याच्याबरोबर माळशिरसला कोणी गेलें काय? हा रकाना आम्हीं पाहिलेल्या कोणत्याही अहवालांत नसतो. मुलांची परीक्षा घेणाऱ्यानें आपलीं वचनें परीक्षेस लावूं नयेत, हा कोठला न्याय?

यांतून एक सामान्य तत्त्व निघतें असें आम्हांस वाटतें. एखाद्या मुलास ‘तुला काय व्हावयाचें आहे?’ असें विचारणें ही साधी गोष्ट नव्हे. घरीं त्याला हें कोणी विचारलेलें नसतें. त्याचें मन हलतें. तें संकोचानें, खालीं पाहत, एक शब्द उच्चारतें. त्या क्षणापासून विचारणाऱ्यावर त्या शब्दाचें देणें लागतें. तें देणें फेडणें नेहमींच शक्य नसतें हें आम्ही जाणतों. साठ मुलांचीं साठ स्वप्नें कोणतीही संस्था पुरीं करूं शकणार नाहीं. पण देणें आहे हें कबूल करणें, त्याची नोंद ठेवणें, आणि वर्षभरानें त्या घराचा उंबरठा चढून ‘त्या शब्दाचें पुढें काय झालें?’ असें विचारणें हें कोणासही शक्य आहे. त्याला फार पैसा लागत नाहीं. फार तर दोनचार शिक्षक, एक वही आणि कांहीं रविवार लागतात.

ज्या मुलीचें लग्न त्या उन्हाळ्यांत ठरलें, ती बहुधा अशा कोणत्याच हिशेबांत सांपडत नाहीं. प्रवेश घेतलेल्यांच्या आंकड्यांत ती नाहीं. आणि समारोपाच्या कागदावर तिनें ‘फार आवडला’ असें लिहिलेलें असल्यानें नापसंतांच्या आंकड्यांतही नाहीं. कार्यशाळेनें तिचें लग्न थांबवावयास हवें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तेवढें बळ दोन दिवसांच्या उपक्रमांत कोठून असणार? पण तिच्या आईबापांशीं कोणी एक शब्द बोललें होतें काय, कीं कार्यशाळा केवळ मुलांची म्हणून आईबापांस दाराबाहेरच ठेवलें होतें, एवढें तरी तिच्या नांवासमोर लिहिलें जावें. पुढच्या वर्षींच्या कार्यशाळेंत एक दुपार आईबापांसाठीं राखावी, ही सुधारणा त्या एका ओळीवरून सुचेल; अठ्ठावन्न पसंतीच्या खुणांवरून ती कधींच सुचणार नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, कार्यशाळेची पारख तिच्यांतून सर्वांत पुढें गेलेल्या मुलावरून करूं नये. तो हुशार मुलगा पुण्यास गेला, त्याचा फोटो वर्तमानपत्रांत आला, याचा आनंद गांवानें जरूर मानावा. पण कार्यशाळेचें मोल ठरवितांना यादींतील शेवटच्या नांवापासून आरंभ करावा, आणि त्या नांवापुढें लिहावयास आपल्याजवळ काय आहे तें पाहावें. साठांपैकीं साठ नांवांपुढें, यश असो वा अपयश असो, खरी हकीकत लिहिलेली एखादी वही पुढच्या दिवाळीस नातेपुत्यांत किंवा दुसऱ्या कोणत्याही गांवांत तयार झाली, तर ती चाळावयास देणगीदारांनीं अवश्य जावें, आणि तालुक्यांतील कॉलेजांच्या प्राचार्यांनीं त्यांच्या आधीं जावें.